बुद्धिबळात समोरच्याने घरून तयार करून आणलेली ओपनिंग (डावाच्या सुरुवातीच्या चाली) खेळली तर काय करावं?

स्पर्धेत समोरचा पाठ केलेल्या चाली भराभर खेळतोय, मध्येच एक प्यादं देऊ करतोय आणि आपल्याला त्यातलं काहीच माहीत नाही. अशा वेळी ते घ्यावं की सोडावं, असं तुम्ही विचारलंय. माझं मत: का घेऊ नये हे पटावर सापडत नसेल, तर घ्यावं. पण मग खरा वेळ पुढच्या चालींवर घालवावा.

यासाठी १९१८ च्या न्यूयॉर्क स्पर्धेतला कापाब्लांका (पांढरी मोहरी) आणि मार्शल (काळी मोहरी) यांचा डाव पट मांडून खेळून बघाच. रुय लोपेझ या ओपनिंगमध्ये आठव्या चालीला मार्शलने प्यादं डी५ वर नेऊन ई५ वरचं प्यादं देऊ केलं. यालाच मार्शल अ‍ॅटॅक म्हणतात. मार्शलने ही चाल कापाब्लांकासाठी वर्षानुवर्षं लपवून ठेवली होती असं सांगतात. मला ते पटत नाही, कारण डी५ त्याआधीही खेळली गेली होती. समोर तयारी आहे हे ओळखूनही कापाब्लांकाने प्यादं घेतलं.

पंधराव्या चालीला काळ्या घोड्याने एफ२ वरचं प्यादं मारलं. इथे थांबा. पांढऱ्याचा वजीर एफ३ वर आहे, घोडा सरळ मारता येतो. त्यावर काळ्याने घाईने उंट जी३ वर नेला, तर वजीर एफ७ मारून शह देतो, हत्तीने वजीर मारला की ई८ वर हत्तीची मात. बी३ वरच्या पांढऱ्या उंटामुळे एफ७ चा हत्ती मागे येऊच शकत नाही, कारण तो हलला तर राजाला उंटाचा शह बसतो! पण काळ्याने आधी एच२ वर उंटाचा शह दिला आणि राजा एफ१ वर गेल्यावर उंट जी३ वर आणला, तर तीच युक्ती फसते, कारण आता हत्ती वजीर मारतो तोच राजाला शह देत. एका शहाचा फरक, आणि डाव काळ्याकडे.

कापाब्लांकाने घोडा न मारता हत्ती ई२ वर नेला. पुढे त्याचा राजा भर पटातून चालत सी२ पर्यंत गेला आणि ३६ चालींत तो जिंकला. मला या डावात सर्वांत जास्त आवडते ती हीच शांत हत्तीची चाल.

म्हणून मार्शल अ‍ॅटॅक मोडीत निघाला असं मात्र समजू नका. अकराव्या चालीला काळ्याने घोडा एफ६ वर नेण्याऐवजी प्यादं सी६ वर नेणं ही सुधारणा नंतर आली आणि आजही ती भक्कम मानतात. पांढऱ्याने खेळताना त्या वाटेला जायचंच नसेल तर आठव्या चालीला प्यादं सी३ ऐवजी ए४ किंवा एच३ वर न्या. मोठमोठे खेळाडूही तेच करतात.