डोपामिनमुळे व्यसन लागतं, तर ते कमी करणारी गोळी घेऊन सुटेल का?

नाही सुटणार. डोपामिन म्हणजे मेंदूतलं सुखाचं रसायन, ही समजूत आधी काढून टाका. त्याचं काम शिकवण्याचं. हे मी ठासून सांगते, कारण ते न कळल्याची किंमत आमच्या घराने मोजली आहे.

१९८९ साल. आम्ही कसब्यात, वाड्यात राहायचो. दादा गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, हेरॉइनचाच एक प्रकार, ओढायचा. अनिल आणि सुनंदा अवचटांनी पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं ते १९८६ मध्ये. तेव्हा गर्दने किती घरं पोखरली होती ते त्या वेळच्या माणसांना विचारा. दादा उपचार घेऊन घरी आला. अंगाने भरला, आईकडे थालीपीठ मागून खायला लागला. दोन महिन्यांनी थोरले काका म्हणाले, "बघू तरी, मन किती घट्ट झालंय." विजेचं बिल भरायला २०० रुपये त्याच्या हातात दिले. रस्ता त्याच जुन्या गल्लीतून. दादा तिसऱ्या दिवशी सापडला. काका ओसरीवर बसून म्हणाले, "याला मनच नाही."

दादाने मला पुढे कधीतरी सांगितलं. पानाच्या टपरीपाशी कुणीतरी सिगारेटच्या पाकिटातली चांदी चुरगळून टाकली. गर्द तो तसल्याच चांदीवर तापवून ओढायचा. ती दिसली आणि पोटात कळ आली, तळहात घामाने ओले झाले. तोवर गर्दचा विचारही डोक्यात नव्हता.

मेंदूचे अभ्यासक वोल्फ्राम शुल्त्झ यांचे माकडांवरचे प्रयोग मी फार उशिरा वाचले, आणि त्या टपरीपाशी येऊन थांबले. माकडाला अवचित फळांचा रस मिळाला की डोपामिनच्या पेशी चेततात. रसाआधी दरवेळी दिवा लागला, की काही दिवसांनी त्या दिव्यालाच चेततात, रसाला नाही. दिवा लागूनही रस आला नाही, तर गप्प होतात. वाटलं होतं त्याहून जास्त मिळालं की कमी, एवढंच त्या सांगतात. रस सवयीचा झाला की सांगणं थांबतं. गर्दचं तसं होत नाही. डोपामिनच्या पेशींना गाबा नावाच्या रसायनाने आवरून धरणाऱ्या पेशीच त्याने दबतात, म्हणून मेंदू प्रत्येक झुरक्याला 'जास्त मिळालं' असंच नोंदवत राहतो. हा धडा पक्का होतो तो मेंदूच्या पेशींमधल्या, ग्लुटामेट या दुसऱ्या रसायनाने बोलणाऱ्या जोडण्यांमध्ये. गोळीने आजचं डोपामिन दाबाल. चार वर्षांत मुरलेला धडा त्याने पुसला जात नाही. उलट जेवणाची, कामाची, माणसांची ओढही मंदावते.

काकांना हे सांगायचं राहिलं. दादाला मन होतं. त्याच मनाला चांदी शिकवली गेली होती, आणि परीक्षा घ्यायला त्याला तिच्याच समोर धाडलं.

दुसऱ्या खेपेला आईने वाडा सोडला, कोथरूडला दोन खोल्या घेतल्या. काका त्याला लाड म्हणाले. दादा आज साठीपार आहे. नातीचं चॉकलेट सोलताना चांदी बोटांना लागली की अजूनही क्षणभर थबकतो.

दोन गोष्टी राहिल्या. आईच्या बांगड्या त्याने विकल्या, तो अपराध त्याचाच. मी तो मेंदूच्या नावावर घालत नाही. आणि गर्दवर ब्यूप्रेनॉर्फिनसारखी औषधं आहेत, ती उपयोगी पडतात, पण त्यांचा मार्ग वेगळा आणि ती डॉक्टरांच्याच देखरेखीखाली घ्यायची. तुमच्या घरी कुणी नुकतंच उपचारांवरून परतलं असेल, तर त्याचा रोजचा रस्ता कुठल्या गल्लीतून जातो ते आधी बघा. विजेचं बिल तुम्ही भरा.