वर्ग आठवड्याला दहाच तास, मग बाकी वेळ काय?

तू विचारलंयस की ब्रिटनमधल्या एमएस्सीच्या वेळापत्रकात आठवड्याला जेमतेम दहा तास दिसतात, मग एवढी फी कशाची? आणि वाचायला-लिहायला नक्की किती असतं?

अगं, ते तास फक्त शिकवण्याचे. इथे एक क्रेडिट म्हणजे १० तासांचा अभ्यास धरतात. २० क्रेडिटचा विषय म्हणजे २०० तास, त्यातले वर्गात वीस-तीस. बाकी सगळं तुझं तू करायचं, आणि करतेयस का हे विचारायला कोणी येत नाही. पूर्ण कोर्स १८० क्रेडिटचा, शेवटचा प्रबंध बहुतेक ठिकाणी ६० चा.

वाचनाची यादी बघून धसका घेऊ नकोस. ती सगळी कोणीच वाचत नाही. 'आवश्यक' लिहिलंय तेवढं आधी उरक, बाकीचं निबंधाचा विषय ठरल्यावर. रिसर्च पेपर पहिल्या पानापासून कादंबरीसारखा वाचायचा नसतो. आधी सारांश, मग निष्कर्ष, मग तक्ते. कामाचा वाटला तरच मधलं. खाली दोन ओळी लिहून ठेव: याचं म्हणणं काय, आणि मला कुठे पटत नाही. पान नंबरही तेव्हाच टिप, नंतर शोधताना रडायला येतं.

ती 'पटत नाही'वाली ओळ सोडू नकोस. कॉलेज रोडवरून झेरॉक्स नोट्स आणायच्या, व्याख्या, सहा मुद्दे, एक आकृती, की झाला पेपर, ही आपली सवय. इथे प्रश्नच असतो, 'या मताशी कितपत सहमत आहात?' दोन-तीन हजार शब्दांत सगळ्यांची मतं नीट मांडलीस पण स्वतःची बाजू घेतली नाहीस, तर समासात शेरा येतो: 'वर्णन फार, विश्लेषण कमी'. मार्क पन्नाशीतच अडकतात. ५० ला पास आणि ७० ला डिस्टिंक्शन असतं, हे आईबाबांना आत्ताच सांगून ठेव, नाहीतर ६५ ऐकून घरी सुतक.

दुसऱ्याचा मुद्दा स्वतःच्या शब्दांत लिहिलास तरी संदर्भ द्यावाच लागतो. सिनियरची फाईल उतरवणं तर विसरच, निबंध टर्निटिनमधून, म्हणजे उतरवलेला मजकूर पकडणाऱ्या सॉफ्टवेअरमधून जातो.

सप्टेंबरपर्यंत वेळ आहे. सावानात (नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात) बस किंवा घरी, पण आठवड्याला एक पेपर वाचून त्यावर ३०० शब्द इंग्रजीत लिही. आणि विद्यापीठाला मेल टाकून पहिल्या सत्राची वाचनयादी माग. बरेचदा देतात.