प्रोजेक्ट चालतो, पण बदलता येतो का?

सॉफ्टवेअर इंजिनीअरिंग शिकवणारे, शिकणारे आणि एक पालक, अशा खानदेशातल्या वाचकांच्या प्रश्नांना या वेळी उत्तरे देत आहे.

मी बीसीएच्या तिसऱ्या वर्षाला हा विषय शिकवतो. मुलं वॉटरफॉलची, म्हणजे एक टप्पा संपवून पुढच्यावर उतरण्याच्या पद्धतीची, आकृती सुरेख काढतात, टप्पे पाठ म्हणतात. पण प्रोजेक्टला बसली की थेट कोड लिहायला लागतात. कुठे चुकतंय? – प्राध्यापक, जळगाव

सर, मुलांचं वागणं तर्काला धरूनच आहे. आपण देतो तो प्रोजेक्ट एकदा चालवून दाखवला की संपतो. ज्याला पुढे कुणी हात लावणार नाही, त्याची रचना नीट कशाला करायची आणि दस्तऐवज कुणासाठी लिहायचा? हा विषय उभा राहिला तोच मुळी टिकाव धरणाऱ्या, वाढत जाणाऱ्या सॉफ्टवेअरच्या अडचणींतून. १९६८ मध्ये जर्मनीत गार्मिश इथे नाटोच्या पुढाकाराने परिषद भरली, कारण मोठी सॉफ्टवेअर वेळेत पुरी होत नव्हती, खर्च हाताबाहेर जात होता आणि झालेल्या कामावर भरवसा ठेवता येत नव्हता. वर्गातल्या प्रोजेक्टमध्ये यातलं काहीच घडत नाही.

म्हणून माझा आग्रह एकच आहे: सत्रभर एकच प्रोग्राम ठेवा आणि तो पुन्हा पुन्हा बदलायला लावा.

नेहमीचं लायब्ररी मॅनेजमेंट नको. दूध संकलन केंद्र घ्या. सुरुवातीला मुलांना केंद्राच्या सचिवांकडे पाठवा. ती लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) आणि दरपत्रक एवढंच लिहून आणतील. परत पाठवा, आणि या वेळी सकाळी दूध घालायच्या वेळेला तिथे उभं राहायला सांगा. मग दिसेल की एकाच शेतकऱ्याच्या नावावर गायीचं आणि म्हशीचं दूध येतं. पशुखाद्याची उचल बिलातून कापली जाते. वीज गेली की नोंदी वहीत होतात आणि नंतर संगणकात चढतात, म्हणजे दूध घातल्याची तारीख वेगळी, नोंदीची वेगळी. हे सचिव बैठकीत सांगत नाहीत, कारण त्यांना ते सांगण्यासारखं वाटतच नाही. गरजा गोळा करणं किती अवघड, हे मुलांना इथे कळतं.

मग काही आठवड्यांनी वर्गात जाहीर करा: दर बदलले, पण मागच्या दहा दिवसांचं बिल जुन्याच दराने निघालं पाहिजे. ज्यांनी दर कोडमध्ये दहा ठिकाणी लिहून टाकला, त्यांची त्या दिवशी दमछाक होते. संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास यांनी १९७२ मध्ये मांडलेला विचार, जे बदलण्याची शक्यता आहे ते एका मॉड्यूलच्या, म्हणजे प्रोग्रामच्या एका स्वतंत्र भागाच्या, आत दडवून ठेवा, तो त्याच तासाला शिकवा. आदल्या आठवड्यात सांगितला तर ती फक्त व्याख्या राहते.

मध्यसत्रानंतर गटांचे प्रोग्राम अदलाबदल करा. पुढचा बदल दुसऱ्याच्या कोडमध्ये करायचा. चांगली नावं, लहान फंक्शन, दोन ओळींची टीप यांची किंमत समजावून सांगण्याची गरज उरत नाही.

आणि वॉटरफॉलबद्दल एक गोष्ट वर्गात जरूर सांगा. ती आकृती ज्यांच्या १९७० च्या निबंधातून आली म्हणतात, त्या विन्स्टन रॉइस यांनीच त्यात लिहिलं होतं की असं सरळ एका दमात खाली उतरणं धोक्याचं आहे. ग्राहकाला मध्येमध्ये सामील करून घ्या, असंही त्यांचं म्हणणं होतं. आपण आकृती घेतली आणि इशारा सोडून दिला, याची मला खंत वाटते.

टेस्टिंगच्या नावाखाली विद्यार्थी एकदा आउटपुट दाखवून मोकळे होतात. कसं शिकवू? – प्राध्यापिका, धुळे

मॅडम, प्रोग्राम चालवण्याआधी अपेक्षित उत्तर हाताने काढून वहीत लिहायला लावा. नाहीतर स्क्रीनवर जे येतं तेच बरोबर वाटतं. मग काठावरची मूल्यं घ्या: दर ३.५ फॅटला बदलत असेल तर ३.४, ३.५ आणि ३.६, दरपत्रकातलं शेवटचं फॅट, रिकामी जागा, आणि घाईत टिंब राहून गेलं म्हणून पडलेलं ३५.

पैशांचा हिशेब फ्लोटमध्ये, म्हणजे अपूर्णांक अंदाजे साठवणाऱ्या प्रकारात, ठेवू देऊ नका. ०.१ आणि ०.२ यांची बेरीज तिथे नेमकी ०.३ येत नाही, हे प्रत्यक्ष चालवून दाखवा. रकमा पूर्णांकात, रुपयांऐवजी पैशांत ठेवायच्या. लिटरला दराने गुणल्यावर उरलेला अर्धा पैसा कुणाकडे जाणार, ते मात्र सचिवांनाच विचारायचं.

इतिहासातलं एकच उदाहरण द्यायचं तर ४ जून १९९६ चं आरियान ५ हे रॉकेट. आरियान ४ साठी लिहिलेला कोड तसाच उचलला होता. नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त होता. ६४ बिटांच्या फ्लोटमधला आकडा १६ बिटांच्या पूर्णांकात मावला नाही आणि उड्डाणानंतर मिनिटभराच्या आत रॉकेट नष्ट झालं. त्या पूर्णांकाची वरची मर्यादा ३२,७६७ आहे. आपल्या दूध केंद्राच्या कोडमध्ये अशी मर्यादा कुठे लपली आहे, हे मुलांना शोधू द्या.

माझं शिक्षण मराठीतून झालं, घरी अहिराणी बोलतो. एसआरएस (सॉफ्टवेअरकडून काय हवं ते मांडणारा दस्तऐवज) इंग्रजीत लिहायचा म्हणून नेटवरून उचलते. काय करू? – विद्यार्थिनी, साक्री

उचलू नकोस, कारण त्या दस्तऐवजात तुझं दूध केंद्र नाही. दूध घालायला येणाऱ्या बाया-माणसांशी तू अहिराणीत बोलू शकतेस. त्या तुला जे सांगतील ते शहरातून आलेल्या अभियंत्याला सांगणार नाहीत. टिपणं मराठीत कर. मग प्रत्येक गरजेचं एक छोटं वाक्य कर आणि स्वतःला विचार, हे खरं की खोटं ते तपासता येईल का? ‘सिस्टिम वापरायला सोपी असावी’ हे तपासता येत नाही. ‘एका शेतकऱ्याची नोंद अर्ध्या मिनिटात व्हावी’ हे येतं. अशी वाक्यं इंग्रजीत नेणं कठीण नाही, आणि तीस खरी वाक्यं तीस उचललेल्या पानांपेक्षा मोलाची.

लॅबमध्ये इंटरनेट कधी असतं, कधी नसतं. गिट (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन) शिकवावं की नको? – अध्यापक, शहादा

नक्की शिकवा. लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्स या आपल्याच ऑपरेटिंग सिस्टिमसाठी गिट केलं तेच मुळी अशा रीतीने की प्रत्येकाकडे पूर्ण इतिहास असावा. बदल नोंदवणं (कमिट), वेगळी शाखा काढणं (ब्रँच), शाखा एकत्र करणं (मर्ज) यांतल्या कशालाच इंटरनेट लागत नाही. लॅबच्या एका संगणकावर शेअर केलेल्या फोल्डरमध्ये बेअर रिपॉझिटरी, म्हणजे फक्त इतिहास साठवणारं कोठार, करा. सगळे गट तिथेच आपले बदल पाठवतील (पुश) आणि इतरांचे घेतील (पुल). नेटवर्कही नसेल तर पेन ड्राइव्हवर चालतं.

चौघांच्या गटात एकटाच राबतो, ही तक्रारही लॉग, म्हणजे कुणी काय बदललं याची गिटमधली नोंद, पाहिल्यावर बरीच सुटते. फक्त ओळी मोजून गुण देऊ नका. ज्याने चूक शोधून दोन ओळी काढल्या, त्याचं काम कदाचित सगळ्यांत मोठं असेल.

आता एआय कोड लिहून देतो. मुलाला हे शिकवण्यात फीचे पैसे वाया तर जात नाहीत ना? – पालक, चाळीसगाव

नाही. काय हवं ते एआयला नेमकं सांगावं लागतं, म्हणजे गरजा लिहिता आल्या पाहिजेत. आलेला कोड बरोबर आहे का ते पाहावं लागतं, म्हणजे टेस्टिंग आलं. आणि दर बदलल्यावर तो कोड वाचून नेमक्या जागी हात घालावा लागतो. मी तर म्हणेन की मूलतत्त्वांची गरज आता वाढली आहे.

महाविद्यालयांनी मात्र तोंडी परीक्षा बदलायला हवी. ‘हा प्रोजेक्ट समजावून सांग’ याऐवजी परीक्षकाने संगणकासमोर बसवून म्हणावं: ‘म्हशीच्या दुधाचा दर वेगळा कर, अर्धा तास घे.’ प्रोजेक्ट विकत आणलेला असो वा एआयकडून घेतलेला, तो मुलाला कळला आहे की नाही ते तिथे दिसतं.

यूएमएलच्या (सॉफ्टवेअरची रचना आकृत्यांत मांडण्याची ठरलेली पद्धत) किती आकृत्या शिकवाव्यात? – प्राध्यापक, भुसावळ

प्रोजेक्टसाठी तीन: यूज केस (कोण काय करतो), क्लास (प्रोग्रामचे घटक) आणि सिक्वेन्स (कामांचा क्रम). बाकीच्या परीक्षेपुरत्या. आणि कोड बदलला की आकृतीही त्याच दिवशी बदलायची. ते जमणार नसेल तर दोनच काढा.