खुराड्यात काय अंथरायचं?

प्रश्न : काका, आम्ही कसबा बावड्यात राहतो. परसात पाच बाय सहा फुटांचं पत्र्याचं खुराडं केलंय, खाली कोबा आहे. सहा गिरिराज जातीच्या तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या) आणि चार गावठी कोंबड्या आहेत. खाली काय घालायचं यावरून घरात रोज वाद. मिस्टरांनी फर्निचरच्या कारखान्यातून पोतंभर भुसा आणलाय. सासूबाई म्हणतात, राख टाका, आमच्या वेळी तेवढंच होतं. शेजारी फौंड्रीत कामाला आहेत, ते म्हणतात वाळू फुकट देतो. आणि मागच्या पावसाळ्यात असा वास सुटला की त्याच शेजाऱ्यांनी तक्रार केली! नक्की काय घालू?
– एक शिक्षिका, कसबा बावडा

उत्तर : ताई, आधी शेजाऱ्यांचं बघू, कारण खरा धोका तिथं आहे. फौंड्रीची जळकी वाळू फुकट काय, वर पैसे दिले तरी घेऊ नका. त्या वाळूत साच्यासाठी बेंटोनाइट माती आणि कोळशाची पूड मिसळलेली असते, साच्यातल्या गाभ्याच्या (कोअरच्या) वाळूत रेझिन, म्हणजे रासायनिक डिंक असतो. वर ती काळी बारीक धूळ. कोंबडी दिवसभर जमीन उकरते आणि चोचीला लागेल ते गिळते. शिरोली-गोकुळ शिरगावच्या कारखान्यांच्या पट्ट्यात ही वाळू ढिगानं पडलेली असते, म्हणून ती कुणालाही द्यायला सोपी, एवढंच. शेजाऱ्यांना गोड बोलून नाही म्हणा, अंडी मात्र पाठवत जा. तक्रारीचं निम्मं औषध तेच आहे.

मिस्टरांच्या पोत्यात हात घालून बघा. पिठासारखा बारीक भुसा असेल तर तो करवतीचा किंवा सँडिंगचा. फर्निचरवाल्यांकडं आजकाल प्लायवूड आणि एमडीएफ जास्त कापतात, म्हणजे त्या पिठात लाकडाबरोबर डिंक-रसायनही आलं. अशी धूळ कोंबडीच्या श्वासाला वाईट, आणि ओली झाली की तिचा लगदा होतो. ते पोतं परत करा. पातळ, कुरळ्या साली असतील, म्हणजे अस्सल लाकडावर रंधा मारल्यावर निघतात तशा, तर ठेवा. पॅकिंगची खोकी करणाऱ्यांकडं अशा साली चांगल्या मिळतात. टिंबर मार्केटला विचारतानाही ‘भुसा आहे का’ असं नुसतं विचारू नका, ‘रंध्याचा आहे का, आणि लाकडाला वाळवीचं औषध लावलेलं नाही ना’ असं विचारा.

सासूबाईंचं चुकत नाही, पण त्यांच्या वेळची कोंबडी वेगळी राहायची. दिवसभर गोठ्यात, उकिरड्यावर, परड्यात हिंडायची आणि रात्री डालग्याखाली जायची. डालग्याखालची जागा सकाळी झाडून राख टाकली की काम संपलं. तुमच्या दहा कोंबड्या तीस चौरस फुटांत दिवसरात्र आहेत. तिथं जमिनीवर राख पसरली आणि ती भिजली तर पायाच्या कातडीला जाळते. राख वाया घालवू नका. एका कोपऱ्यात जुनं घमेलं ठेवा, त्यात कोरडी माती आणि चाळलेली राख घाला. कोंबड्या त्यात लोळतात, अंगावरच्या उवा कमी होतात. सासूबाईंना सांगा, राखेचं खातं तुमच्याकडं.

आता माझी शिफारस. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात मी भाताच्या तुसाला पहिला नंबर देतो. आजरा, चंदगड, राधानगरी, गगनबावडा, सगळा पश्चिम भाग भाताचा, त्यामुळं तूस लांबून आणावं लागत नाही. पशुसंवर्धन खात्यात नोकरी करताना मी याच भागात हिंडलो, आणि पावसात टिकलेली खुराडी बहुतेक तुसाचीच बघितली. तूस पाणी फार शोषत नाही, हा त्याचा दोष म्हणून सांगतात. पण ते गोळा होत नाही, लवकर कुजत नाही आणि कोंबड्यांनी उकरलं की भराभर सुकतं. रंध्याच्या साली पाणी शोषतात. म्हणून दोन वाटे तूस आणि एक वाटा साली असं मिश्रण मी करतो. नुसतं तूस मिळालं तरी अडत नाही.

घेताना एक बघायचं. जुन्या हलरच्या गिरणीत तूस आणि कोंडा एकत्र बाहेर पडतो. कोंड्यात तेल असतं, त्याला बुरशी धरते, आणि घुशी-उंदीर तर पत्ता विचारत येतात. तूस वेगळं काढणाऱ्या गिरणीतलं घ्या. मूठभर तळहातावर घेऊन फुंकर मारा. पिठूळ काही चिकटून राहिलं तर दुसरी गिरणी बघा.

किती लागेल? तुमच्या खुराड्याला पावसाळ्यात चार इंचांचा थर धरला तर दहा घनफूट होतात, म्हणजे साधारण तीस किलो तूस, मोठी तीन पोती. वर तेवढंच राखीव ठेवा. उन्हाळ्यात दोन इंच पुरतात, जाड थर उष्णता धरतो. आणि हे सगळं मे महिन्यात आणून ठेवा. जूनमध्ये गिरणीबाहेरचा ढीग भिजलेला असतो आणि कोरडं जे असेल ते बॉयलरवाल्यांनी नेलेलं असतं. जुलैत ओलं तूस विकत आणून अंथरणारे लोक मी बघितलेत, नंतर तेच लोक औषध विचारायला येतात. तुम्ही बावड्यात, म्हणजे राखीव पोती जमिनीवर ठेवू नका, माळ्यावर टाका. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पुराची ३९ फुटांची इशारा पातळी आणि ४३ फुटांची धोका पातळी तुम्हाला मी सांगायला नको. २०१९ आणि २०२१ चं पाणी तुम्ही बघितलंच असेल. पुराचं पाणी शिरलेलं तूस वाळवून परत वापरायचं नाही, सगळं बाहेर काढायचं.

आता वासाचं. ताई, मागच्या वर्षी काय अंथरलं होतं ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण तूस असतं तरी वास आला असता, जर पाणी सांडत असेल तर. दोन किलोची कोंबडी दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम शिटते, त्यात तीन चतुर्थांश पाणी असतं. म्हणजे तुमच्या दहा जणींचं किलोभर, रोज. एवढं चार इंचांची गादी सहज पचवते. त्यावर पाण्याचं भांडं कलंडलं, पत्र्याच्या खिळ्यातून गळती लागली, की शिटेतून अमोनिया सुटायला लागतो. तोच तुमचा वास. भांड्याची कड कोंबडीच्या पाठीच्या उंचीला यावी, आणि भांडं विटेवर किंवा जाळीच्या चौकटीवर ठेवावं. निम्मी शिट रात्री बसायच्या दांडीखाली पडते. तिथं एक फळी किंवा पत्रा सरकवून ठेवा आणि सकाळी खरवडून काढा. एवढ्यानंच खालची गादी दुप्पट टिकते.

ओल किती हे मुठीत कळतं. तूस मुठीत घट्ट दाबा आणि हात उघडा. गोळा तसाच राहिला तर ओलं, हळूहळू फुटला तर बरोबर, काहीच धरलं नाही आणि धूळ उडाली तर फार कोरडं. वास घ्यायचा तो उभ्यानं नाही. आत गुडघ्यावर बसा, कोंबडीच्या उंचीला नाक न्या. डोळे चुरचुरले तर त्यांचे दिवसभर चुरचुरतायत.

पावसाची झड येते म्हणून लोक खुराड्याला चारी बाजूंनी ताडपत्री गुंडाळतात आणि आतली वाफ आतच कोंडतात. पडदा खालून वर बांधा, छताखाली वीतभर फट उघडी राहू द्या. आपल्याकडं झड पश्चिमेकडून येते, त्या बाजूला पत्रा फूटभर पुढं काढला तर फट उघडी ठेवूनही पाणी आत येत नाही.

चुना सगळे सांगतात, मीही सांगतो, पण क्रम पाळा. आधी ओली ढेकळं उचलून टाका, मग विरलेल्या चुन्याची हलकी भुकटी टाकून खालीवर करा, वर कोरडं तूस. ओल्या शिटेवर थेट चुना मारला तर अमोनिया उलट जास्त सुटतो. कळीचा चुना अजिबात नको, भाजतो. रोज खालीवर करायचा कंटाळा येत असेल तर संध्याकाळी मूठभर ज्वारी तुसावर फेका. दहा कोंबड्या दाताळ्यापेक्षा बरं काम करतात.

हे सगळं एवढ्यासाठी की ओल आणि ऊब मिळाली की रक्ती हगवणीचे जंतू एक-दोन दिवसांत लागण करण्याजोगे होतात. तलंगांना त्याचा धोका जास्त. शिटेत रक्त दिसलं, पंख पाडून कोपऱ्यात बसली, तर तूस बदलत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

अंडी घालायच्या खोक्यात मात्र तूस नको, कोंबडी ते उकरून बाहेर काढते. तिथं कोरडं पिंजार (भाताचा पेंढा) घाला आणि दर आठवड्याला बदला. एखादी खुडूक होऊन अंडी उबवायला बसली असेल तर तिच्याखालचं पिंजार आधी बघा, पिसवा तिथंच माजतात.

प्रश्न : आमच्या शेजारी गुऱ्हाळ आहे. चिपाड फुकट मिळतंय. पन्नास पिल्लं आणायचा विचार आहे, त्यांच्याखाली चालेल का?
– एक वाचक, करवीर तालुका

उत्तर : मोठ्या कोंबड्यांखाली चालेल, पिल्लांखाली मी घालणार नाही. चिपाड तुसापेक्षा कितीतरी जास्त पाणी शोषतं, हे खरं. पण त्यात रसाचा अंश राहतो. गुऱ्हाळवाला ते उन्हात पसरून वाळवतो ते काहिलीखाली जाळायला, त्याला वरून कोरडं झालं तरी पुरतं. आतून दमट असलेल्या चिपाडाला बुरशी लागते, आणि ती धूळ पिल्लांच्या फुप्फुसात गेली की पिल्लं तोंड उघडून धापा टाकतात, घशातून घरघर येत नाही. त्यावर उपयोगी पडेल असं औषध नाही. साठवलेल्या चिपाडाच्या धुळीनं माणसालाही फुप्फुसाचा आजार होतो, तेव्हा ढीग हलवताना नाकाला फडकं बांधा.

मोठ्या कोंबड्यांसाठी वापरायचं तर कडक वाळवून इंच-इंचाचे तुकडे करून घ्या, नाहीतर लांब धाग्यांची चटई होते आणि खालची ओल वर येत नाही. भुईमुगाच्या टरफलांनाही बुरशीचा हाच नियम.

पिल्लांना तीन इंच स्वच्छ तूस घाला आणि पहिले तीन-चार दिवस त्यावर खोक्याचा पन्हाळीचा पुठ्ठा अंथरा. खाद्य त्यावरच टाका, म्हणजे खाद्य कोणतं आणि तूस कोणतं हे पिल्लं शिकतात. गुळगुळीत वर्तमानपत्रावर त्यांचे पाय फाकतात आणि ते पुढं सरळ होतीलच असं नाही. ब्रूडरचा, म्हणजे पिल्लांना ऊब द्यायच्या जागेचा बल्ब पिल्लं यायच्या आदल्या दिवशी लावा. पहिल्या आठवड्यात ३५ अंश सेल्सिअस हवं, पण हवा तापली आणि तूस गार राहिलं तर पिल्लू पोटाकडून गारठतं.

प्रश्न : गच्चीवर कुंड्या आहेत. खुराड्यातलं जुनं तूस थेट घातलं तर?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : थेट घातलं तर रोपं करपतील, शिटेत नत्र फार असतं. पालापाचोळ्याबरोबर थर लावून, मधून पाणी मारून, चार महिने मुरू द्या. तूस तेव्हाही अर्धवट दिसेल. त्याची काळजी करू नका, माती भुसभुशीत राहते. पाच पाट्या मातीला एक पाटी पुरे. कोथिंबीर, मुळा असल्या कच्च्या खायच्या भाजीला न मुरलेलं खत अजिबात घालू नका.