ई20 पेट्रोलने जुनी मोटरसायकल खराब होते का? इथेनॉलचे फायदे-तोटे काय?

तुमची गाडी 2012 ची, कार्बुरेटरची (इंजिनात पेट्रोल-हवा मिसळणारा साधा यांत्रिक भाग), 125 सीसी. पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचंच पेट्रोल मिळतं, तेव्हा घाबरायचं का, हा तुमचा प्रश्न. इंजिन लगेच बसेल असं काही नाही. पण गाडी जुनी असेल तर तीन गोष्टींकडे लक्ष द्यावंच लागतं: रबर, जेट (कार्बुरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक भोक) आणि टाकीतलं पाणी.

ॲव्हरेज कमी होतं ही तक्रार खरी आहे. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते. म्हणजे ई20 च्या लिटरमागे शुद्ध पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्के ऊर्जा कमी, आणि याआधीच्या ई10 पेक्षा (10 टक्के इथेनॉलचं पेट्रोल) तीन-साडेतीन टक्के. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालातही जुन्या चारचाकींना 6-7 टक्के आणि दुचाकींना 3-4 टक्के फटका धरलेला आहे. 55 देणारी गाडी 53 वर आली तर तो इथेनॉलचा हिशोब. 55 वरून 42 वर आली तर मात्र चेन, ब्रेक, क्लच, एअर फिल्टर बघा. त्याचं खापर इथेनॉलवर फोडू नका.

आता जेट. शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला जळायला 14.7 किलो हवा लागते, ई10 ला सुमारे 14.1 आणि ई20 ला 13.5. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर हे ओळखून पेट्रोल वाढवतो. कार्बुरेटरला यातलं काही कळत नाही. जेटचं भोक तेवढंच राहतं आणि मिश्रण लीन होतं, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. सकाळी चोक जास्त वेळ लागणं, थ्रॉटल सोडल्यावर सायलेन्सरमधून फटफट आवाज आणि प्लगचं टोक तांबूस-तपकिरीऐवजी पांढरंफटक, या त्याच्या खुणा. आधी मिक्स्चर स्क्रू पाव ते अर्धा फेरा फिरवून बघा. स्क्रू इंजिनच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा, तो सैल करायचा. एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, तो आवळायचा. इथे बरेच जण उलटं करतात आणि गाडी आणखी बिघडते. तेवढ्याने भागलं नाही तर मेन जेट एक नंबर मोठा.

रबराचं काम स्वस्तातलं आहे. टाकीपासून कार्बुरेटरपर्यंतचा पाइप, कॉकमधलं (टाकीखालच्या पेट्रोलच्या तोटीतलं) वॉशर, फ्लोट बाऊलचं (कार्बुरेटरखालच्या पेट्रोल साठणाऱ्या वाटीचं) गॅस्केट आणि त्या वाटीत येणारं पेट्रोल अडवणारी फ्लोट नीडल. जुनं रबर इथेनॉलमध्ये फुगतं, नंतर वाळून चिरतं. पाइप बोटांत दाबून बघा: चिकट लागला किंवा वाकवल्यावर बारीक भेगा दिसल्या तर त्याच दिवशी बदला, कारण त्याच्या खालीच गरम इंजिन आहे. नवा घेताना इथेनॉलला चालणारा मागा. इथेनॉल टाकीतला जुना चिकटाही सोडवतं. तो फिल्टरमध्ये येऊन अडकतो, म्हणून पहिल्या काही टाक्यांनंतर फिल्टर बदलायचा.

सगळ्यात जास्त नुकसान पाणी करतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं. थोडं असेल तोवर ते पेट्रोलमध्ये विरघळून जळून जातं. मर्यादा ओलांडली की इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळा थर होतो आणि तो खाली बसतो, नेमका कॉकच्या तोंडाशी. गाडी सुरू होत नाही, टाकी आतून गंजते, फ्लोट बाऊलमध्ये पांढरी पूड धरते. यावर कुठलंही औषध टाकू नका, टाकी पूर्ण उपसा. पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी काठोकाठ भरा म्हणजे आत दमट हवेला जागा राहत नाही. कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा आणि फ्लोट बाऊलचा ड्रेन स्क्रू उघडून उरलेलं काढून टाका.

बाटलीत पेट्रोल आणि पाणी हलवून ‘पंपावर पाणी मिसळतात’ असं दाखवणारे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. 100 मिलीच्या मापात 20 मिली पाणी आणि 80 मिली ई20 घालून हलवलं तर खालचा थर 20 चा 35 च्या आसपास होतो. ही वाढ पाण्याची नसते. पेट्रोलमधलं 16 मिली इथेनॉल पाण्यात उतरलेलं असतं. करून बघायचं तर उघड्यावर, आगीपासून लांब.

फायदे आहेतच. इथेनॉलचा ऑक्टेन (इंधन वेळेआधी न पेटण्याची क्षमता) सुमारे 108, पण तो कामी येतो जास्त कॉम्प्रेशनच्या नव्या इंजिनात; तुमच्या गाडीला त्याचा उपयोग जवळपास नाही. धुरातला कार्बन मोनॉक्साइड कमी होतो, ॲसिटाल्डिहाइड मात्र वाढतं. कोल्हापूर-सांगलीच्या ऊस उत्पादकाला खरा आधार मिळतो: साखर विकायला कारखान्याला वर्ष लागतं, इथेनॉलचे पैसे तेल कंपन्यांकडून तीनेक आठवड्यांत येतात, त्यामुळे एफआरपी (उसाचा सरकारने ठरवलेला किमान दर) वेळेवर देणं सोपं जातं. पण नीती आयोगाच्याच हिशोबाने उसापासूनच्या एका लिटर इथेनॉलमागे सुमारे 2,860 लिटर पाणी लागतं. सोलापूर-मराठवाड्यात हा आकडा विसरून चालणार नाही. मक्याकडे वळलो तर पोल्ट्रीवाल्यांचं खाद्य महागतं.

मला सगळ्यात खटकतो तो दर. लिटरमागे ऊर्जा कमी, तरी ग्राहक पैसे पूर्ण मोजतो. ब्राझीलमध्ये पंपावर पेट्रोल न मिसळलेलं इथेनॉल वेगळं मिळतं आणि त्याचा दर पेट्रोलच्या साधारण 70 टक्क्यांच्या आत असेल तरच ते भरणं परवडतं. आपल्याकडे मक्याच्या इथेनॉलचा खरेदी दरच लिटरला 71.86 रुपये ठरला, म्हणजे स्वस्ताईला फारशी जागा नाही. तरीही 2021 च्या त्याच अहवालात दर कमी ठेवावा आणि जुन्या गाड्यांसाठी ई10 मिळत राहावं, असं लिहिलेलं आहे. तुमच्यासारख्या गाडीवाल्याने मागायचं ते हेच.