नागपुरात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर काम करणाऱ्या संस्थेत डॉक्टर नसलेल्या बाईचा काय उपयोग?

ताई, तुम्ही लिहिलंय की बँकेतून नुकत्याच निवृत्त झालात, मैत्रिणीची जाऊ या आजाराने गेली, आठवड्यातले दोन दिवस द्यायचेत; पण वैद्यकीय ज्ञान शून्य, मग नुसती खुर्ची अडवून बसाल की काय. मीही डॉक्टर नाही, शाळेत भूगोल शिकवायचे. सहा वर्षांपासून एका छोट्या संस्थेसोबत नागपूरच्या वस्त्यांमध्ये फिरते. बँकेतली बाई आम्हाला हवीच असते. वसुलीचं काम केलं असेल तर फारच उत्तम.

आजाराचं थोडक्यात सांगते. जवळजवळ प्रत्येक केसच्या मुळाशी एचपीव्ही हा विषाणू असतो. त्याचे १६ आणि १८ हे दोन प्रकारच साधारण ७० टक्के कॅन्सरला कारण. लागण झाल्यापासून कॅन्सर व्हायला बहुधा पंधरा-वीस वर्षं लागतात, म्हणजे पकडायला वेळच वेळ. तरी २०२२ साली भारतात सव्वा लाखावर नव्या रुग्ण आणि ८० हजारांच्या आसपास मृत्यू, असा जागतिक अंदाज आहे.

शिबिर सोपं असतं. समाजमंदिरात पडदा लावायचा, टेबल, टॉर्च. नर्स गर्भाशयाच्या तोंडाला पातळ ॲसिटिक ॲसिडचा बोळा लावते आणि मिनिटभर थांबते. पांढरा चट्टा उमटला तर पुढची तपासणी. वास व्हिनेगरचा. एकदा एक काकू टेबलावरून म्हणाल्या, "चायनीजच्या गाडीवर आल्यासारखं वाटून राहिलं," आणि पडद्याबाहेरची अख्खी रांग हसली. त्या दिवशी एकही बाई परत गेली नाही. एरवी निम्म्या जणी दारातूनच, "मले तं काही होऊन नाही राहिलं वो बाई, मंग कायले तपासू?" उरलेल्यांना भीती, की पिशवी काढायला लावतील. त्यांना सांगायचं: कॅन्सरच्या आधीच्या पायरीवर सापडलं तर बहुतेक वेळा ओपीडीत थोड्या वेळात उपचार होतात, पिशवी जागच्या जागी राहते.

खरी अडचण नंतर सुरू होते. चट्टा दिसलेली बाई पुढे कोल्पोस्कोपीला, म्हणजे गर्भाशयाचं तोंड दुर्बिणीतून तपासायला, पोचतच नाही. रजिस्टरमध्ये तिच्या नावापुढे नवऱ्याचा नाहीतर मुलाचा नंबर असतो. डाळमिलच्या मागे राहणाऱ्या एकीसाठी मी तीनदा फोन केला, तिन्ही वेळा "राँग नंबर" म्हणून ठेवला. चौथ्यांदा संध्याकाळी नळाच्या वेळेला स्वतःच गेले. ती घागर घेऊन रांगेत उभी. म्हणाली, "मालक म्हणते, डॉक्टर लोकं पैशासाठी भेव दाखवते." दुसऱ्या दिवशी ऑटोने तिला घेऊन गेले, तुकडा काढून तपासला, कॅन्सर नव्हता पण वाटेवर होता. त्याच महिन्यात उपचार झाले. तिची त्या दिवशीची मजुरी बुडाली, हे ती मला अजून ऐकवते.

उस्मानाबाद जिल्ह्यात, आताच्या धाराशिवमध्ये, सव्वा लाखाहून जास्त बायकांवर मोठा अभ्यास झाला होता. २००९ मध्ये छापून आला. एकदाच एचपीव्हीची तपासणी आणि गरज पडेल तिथे उपचार, एवढ्यावर त्या गटातले मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या जवळपास निम्म्यावर आले. मी त्यातलं "गरज पडेल तिथे उपचार" हे शब्द मोठ्याने वाचते. मी ज्या संस्थेत आधी होते (नाव नको), तिथे बॅनर वीस फुटी आणि पाठपुराव्याची वही कोरी. वर्षभरात सोडलं.

दुसरं काम रुग्णांसोबतचं. मेडिकल म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल, मानेवाडा रोडचं राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल, जामठ्याचं नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट, इथे गोंदिया-गडचिरोलीपासून बालाघाट-छिंदवाड्यापर्यंतच्या बाया येतात. रेडिएशन, म्हणजे त्यांच्या भाषेत शेक, आठवड्यातून पाच दिवस, साधारण पाच आठवडे. तेवढे दिवस राहायचं कुठे, हा प्रश्न औषधाइतकाच मोठा. जनआरोग्य योजनेचे कागद, रेशनकार्डावरचं नाव आधारशी न जुळणं, अशा ठिकाणी तुमची बँकेची नजर सोन्यासारखी चालेल.

एक गोष्ट कोणी सांगत नाही. पोटाच्या शेकाआधी पाणी पिऊन लघवी धरून ठेवायला सांगतात, म्हणजे आतडं जरा बाजूला राहतं. मशीनची रांग लांबली की दहा बाया बाकावर पाय आवळून बसलेल्या. कोणी किती वाजता पाणी प्यायचं, हे रांग पाहून सांगणारं माणूस तिथे बसलं तर त्यांचा दिवस सुधारतो. त्यासाठी डिग्री लागत नाही.

एचपीव्हीच्या लसीचं विचारतीलच. ९ ते १४ वर्षांच्या मुलींना एक किंवा दोन डोस; दोन असतील तर सहा महिन्यांच्या अंतराने. पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक २०२३ पासून बाजारात आहे. लस घेतली तरी तिशीनंतर तपासणी करायचीच.

कुठल्याही संस्थेत नाव देण्याआधी एवढंच विचारा: मागच्या वर्षी संशयित किती निघाल्या, आणि त्यातल्या किती पुढच्या तपासणीला पोचल्या? दोन आकडे मिळाले तर थांबा. फोटोंचा अल्बम पुढे आला तर चहा पिऊन निघा.

आणि फोनचं काम मिळालं तर दुपारी बारा ते तीन करा, डबे गेलेले असतात, घरात ती एकटी असते. शेजारणीचा नंबर आधीच लिहून घ्या. "कॅन्सर" हा शब्द फोनवर काढू नका. "तुमचा तपासणीचा कागद आलाय, मी सोबत येते" इतकंच म्हणा.