फँटसी मालिकेत उसन्या कल्पना चालतात का?
बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या जंगलावर बेतलेल्या मालिकेत शापित अंगठी आणि अज्ञातवासातला राजपुत्र घेतलाय, तर ती चोरी ठरेल का, असं विचारलंय. खुशाल घ्या. कॉपीराइट कल्पनेवर नसतो, मांडणीवर असतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ च्या आर. जी. आनंद खटल्यात हेच स्पष्ट केलंय. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' लिहिणाऱ्या टोल्किननेही गॅंडाल्फ या जादूगाराचं नाव आणि बुटक्यांची बरीचशी नावं 'व्होलुस्पा' या जुन्या नॉर्स काव्यातून उचलली.

गडबड होते ती गुरू, खलनायक, नकाशा आणि घटनांचा क्रम सगळंच एका मालिकेतून घेतल्यावर. वाचक आधी क्रम ओळखतो.

आणि तुमच्या भागात तर संघर्ष तयारच आहे! कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा पूर्वेला कृष्णेकडे जाते, त्याच तालुक्यातली म्हादई पश्चिमेला गोव्याकडे. गादी कुणाची यापेक्षा पाणी कोण वळवणार, हा प्रश्न तीन-चार खंड सहज पेलेल. अंगठीही त्या पाण्याशीच बांधा. ती घातली की नेमकं काय होतं आणि त्याची किंमत कोण मोजतं, हे पहिल्या खंडातच ठरवा. नियम मध्येच बदलला की शेवटची लढाई फुसकी होते, कारण नायक कधीही सुटू शकतो हे वाचकाला कळलेलं असतं.

नावं मात्र मराठी-कानडी मिसळीचीच ठेवा.